अंबूबाईंच्या स्कॅनमध्ये दिसलेला माग

आमच्या वडगावच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घरच्या मांजराच्या आधी मला कळतं, असं लोक म्हणतात. ह्यात थोडी वाढवून सांगायची सवय आहे. मांजराला आधी कळतं, मग मला. पण अंबूबाईंचं दुखणं मला तीन महिने कळलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. समोरच्या दारात राहून, रोज दोन वेळा त्यांच्या हातचा चहा पिऊन नागोजीला पत्ता लागला नाही, म्हणजे माझ्या इतक्या वर्षांच्या नावलौकिकावर पाणीच पडलं म्हणायचं.

अंबूबाई म्हणजे माझ्या दोस्ताची, यल्लाप्पाची बायको. यल्लाप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. ते नातं चालू ठेवायचं म्हणून मी त्यांना वैनी म्हणतो, त्या मला भावजी म्हणतात, आणि ह्या नात्यात जेवढी थट्टा चालते तेवढी सगळी आम्ही करून घेतो. वय बासष्ट. गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचा धडधडाट, आणि मधोमध ह्यांच्या पडवीत, खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग. यल्लाप्पा गेला तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की आता माग मोडीत जाणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खट-खट सुरू झालं. गल्लीतल्या दोन बायकांनी नाकं मुरडली, तर ह्यांनी पडवीतूनच विचारलं, "नाक दुखतंय व्हय? वाफ घ्या जरा."

हा माग चालवायचा म्हणजे उजव्या हातानं दोरी ओढायची, की आडवा धागा घेऊन धोटा एका काठाकडनं दुसऱ्या काठाकडं पळतो. डाव्या हातानं फणी पुढं ओढून धाग्यावर ठोका द्यायचा. पायानं पावड्या दाबायच्या. आणि तोंडानं बोलत राहायचं. शेवटचं कलम मागाचं नाही, अंबूबाईंचं आहे. त्यांचं बोलणं थांबलं म्हणजे कुठंतरी धागा तुटला असं आम्ही समजतो.

तर दुखणं. पाळी जाऊन बारा वर्षं झाल्यावर ह्यांना पुन्हा लाल डाग पडायला लागले. ह्या बाईनं, जी शेजारणीचं गुडघेदुखीचं तेलसुद्धा आख्ख्या गल्लीला सांगते, स्वतःचं एवढं मोठं कुणाला सांगितलं नाही. शेवटी सुनेनं, स्वरूपानं, धुण्यात पाहिलं. स्वरूपा दिसायला गरीब आहे. तिनं काही विचारलं नाही, रिक्षा बोलावली, सासूला आत बसवलं आणि मग सांगितलं कुठं चाललोय ते.

तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग निघाला.

आता बायकांचं दुखणं म्हटल्यावर गल्लीचा आवाज लगेच खाली येतो. बोलणं बंद होत नाही, फक्त पदर तोंडाशी जातो. दोन दिवस अशी कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी अंबूबाई नळावर गेल्या, घागर लावली आणि वळून म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाला कॅन्सर झालाय. पिशवीच्या. कुणाला काय इचारायचं ते आत्ताच इचारा, घागर भरली की मी चालले. मागाच्या कांड्या भरायच्यात."

कुणी काही विचारलं नाही. फक्त शेवटच्या घरच्या जयाबाई घागर उचलायला पुढं आल्या, आणि चार दिवसांनी त्याही गुपचूप स्वतःची तपासणी करून आल्या. हे मला लगेच कळलं. माझी गाडी पुन्हा रुळावर आली होती.

दवाखान्यात किरणांचे उपचार बघणाऱ्या डॉक्टर रक्षा म्हणून आहेत. खानापूरकडच्या, भातशेतीच्या घरातल्या. तिशीच्या पुढची मुलगी, पण बोलणं असं की आपण शाळेत परत गेल्यासारखं वाटावं. स्वरूपाचा नवरा कुमार उद्यमबागेत लेथवर असतो, त्याला सुट्टी मिळेना. म्हणून सोबतीला मी. म्हणजे असं मी सांगतो. खरं तर मला सगळं ऐकायचं होतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. "मावशी, ऑपरेशनची वेळ गेलेली आहे, पण बरं होण्याची वेळ गेलेली नाही. किरणं देऊ, आठवड्यातनं एकदा औषधाची सलाईन देऊ, आणि शेवटी आतून किरणं देऊ. हे सगळं बरं करायच्याच बेतानं. पण त्याआधी मला एक गोष्ट पक्की कळायला हवी."

"कसली?"

"रोग कुठपर्यंत गेलाय. इथं खाली ओटीपोटातच असेल, तर मी चौकट इथंच आखते." त्यांनी पेन्सिलीनं एक चौकोन काढला. "मणक्याच्या कडेनं वर चढला असेल तर चौकट वर न्यावी लागते. वाटेत आतडी येतात, मूत्रपिंडं येतात, त्रास वाढतो. आणि त्याच्याही पलीकडं, छातीत वगैरे गेला असेल, तर बेतच बदलतो."

"म्हंजे बरं करायचा बेत ऱ्हात न्हाय," अंबूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हो. मग आम्ही त्रास कमी करायचं बघतो."

साध्या स्कॅनमध्ये मणक्याजवळ एक बारीक गाठ दिसली होती. ती रोगाची की नुसती सुजलेली, हे त्यात कळत नव्हतं. म्हणून पेट स्कॅन. डॉक्टरबाईंनी समजावलं की साखरेच्या पाण्याला किंचित किरणांची खूण बांधतात आणि ते शिरेतून देतात. अंगात जी जागा भुकेली असते ती साखर ओढून घेते आणि चित्रात पेटलेली दिसते. रोगाच्या पेशी फार भुकेल्या असतात.

"म्हंजे खादाड कोण ते कळतं," अंबूबाई म्हणाल्या. "आमच्या भावजींना घाला की त्यात. सगळं अंग पेटलेलं दिसंल."

मग नियम सांगितले. आदल्या दिवशी गोड नको, भात-भाकरी नको, पनीर-पालेभाजी चालेल. सकाळी उपाशीपोटी यायचं. आणि आदले चोवीस तास श्रम करायचे नाहीत. स्वरूपानं सगळं लिहून घेतलं. श्रमाखाली दोन रेघा मारल्या.

आता पुढचं मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळी मजा त्यात आहे.

आदल्या दिवशी स्वरूपानं सासूला धुण्याला हात लावू दिला नाही. पाणी भरू दिलं नाही. केरसुणी लपवून ठेवली. आणि दहाच्या सुमाराला ती पनीर आणायला खासबागला गेली. मी माझ्या दारात बसलो होतो. पडवीतून आवाज आला. खट-खट. खट-खट. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सूर्य उगवला तर कुणी त्याची बातमी करतं का? स्वरूपा आली, आवाज थांबला. स्वरूपा डाळ निवडायला मागच्या अंगणात, यंत्रमागांच्या धडधडाटात गेली, आवाज सुरू. असं संध्याकाळपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात. सुई टोचली, आणि अंबूबाईंना एका खोलीत तासभर पडून राहायला सांगितलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. काचेपलीकडून मी बघत होतो. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग त्यांचे ओठ हलायला लागले. नर्स आत गेली, बाहेर आली तेव्हा हसत होती. तिला गावाचं नाव, सासरचं नाव आणि अजून पाळणा का हलला नाही, एवढं विचारून झालं होतं.

मग यंत्रात घातलं, काढलं, आणि दुपारी डॉक्टरबाईंनी आत बोलावलं.

पडद्यावर चित्र होतं. माणसाची राखाडी सावली, आणि त्यात काळे डाग. ह्या चित्रात पेटलेलं काळं दिसतं, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. मी पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. उजवा खांदा काळा. उजवा दंड काळा. डावा बाहू काळा. दोन्ही पोटऱ्या काळ्या. गळ्याशी दोन ठिपके. स्वरूपानं माझा शर्ट मागून धरला.

"एवढं पसरलं?" ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

अंबूबाई खुर्चीत बसून होत्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प पाहिलं.

"थांबा, थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा रोग नाही. रोग असा एकाच खांद्याच्या स्नायूभर नीट पसरून बसत नाही. हे स्नायू आहेत. काल ह्या स्नायूंनी भरपूर काम केलंय, ते अजून भुकेले आहेत. मावशी, काल तुम्ही काय केलंत?"

"कायबी न्हाय," अंबूबाई म्हणाल्या. आवाज परत आला होता. "इचारा सुनंला. धुणं न्हाय, भांडी न्हाय, केरसुणी न्हाय."

"खरंच, डॉक्टर," स्वरूपा म्हणाली. "मी स्वतः नजर ठेवून होते."

डॉक्टरबाई चित्राकडं बघत राहिल्या. "उजवा खांदा जास्त. डाव्याचा बाहू. दोन्ही पाय. हे काय काम असेल?"

आणि मला दिसलं. मी आयुष्यभर ह्याच गल्लीतल्या विणकरांसाठी काठांच्या नक्षी काढल्या आहेत, चौकोनी कागदावर, ठिपका-ठिपका करून. ठिपक्यांवरून कापड ओळखणं हा माझा धंदा. तर पडद्यावरच्या डागांवरून मला दोरी ओढणारा उजवा हात दिसला, फणी ओढणारा डावा हात दिसला, पावडीवरचे पाय दिसले. त्या राखाडी सावलीत अंबूबाई चक्क मागावर बसल्या होत्या.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ही बाई काल दिवसभर विणत होती."

अंबूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी स्वरूपाच्या मागं सरकलो.

"भावजी, तुमच्या जिभंला हाड न्हाय."

"आत्ती," स्वरूपा म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात, पण एवढ्या थंड आवाजात कुणी म्हणत नाही. "खरं काय ते?"

"व्हय, विणलं. निपाणीच्या शालूबाईच्या लेकीचं लगीन हाय. तिच्या साडीचं दीड वार ऱ्हायलं होतं. दोन म्हैनं दवाखान्यात गेलं तर ताणा तसाच लोंबत ऱ्हाईल, म्हणून संपवलं. पण त्यात श्रम कसलं? मागावर काय पोती उचलायची असत्यात व्हय? पोरीपास्नं बसतोय आम्ही तिथं. श्रम म्हंजे धुणं. श्रम म्हंजे पाणी."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या.

"मावशी, साडी संपली, पण माझं काम अडलं. तुमच्या हातापायांनी साखर खाऊन टाकली. मणक्याजवळची ती बारीक गाठ आहे ना, ती बघा, धड पेटलेली नाही, धड विझलेली नाही. साखर पुरली नाही म्हणून फिकट दिसते, की मुळात रोगच नाही म्हणून? मला सांगता येत नाही. आणि अंदाजानं मी चौकट आखणार नाही."

"मग आखा की थोडी वरपर्यंत. चार बोटं हिकडं, चार बोटं तिकडं."

डॉक्टरबाई काही बोलायच्या आधीच मी बोललो. "वैनी, तुमच्या धनवटी काठाची नक्षी मी काढली होती, तेव्हा एक ठिपका चुकलेला. आठवतंय?"

"न आठवून सांगतंय कुणाला. साडीभर दर वितीला त्यो मोर लंगडा निघाला."

"तसंच हे. ह्यांचा आराखडा एकदाच निघतो आणि रोज तोच चालतो. किती दिवस, डॉक्टर?"

"पंचवीस."

"पंचवीस वेळा लंगडा मोर," मी म्हणालो.

अंबूबाई विचारात पडल्या. त्यांना हे पटलं, कारण लंगड्या मोराची साडी त्यांनी स्वतः उसवली होती.

"घ्या पुन्हा तुमचा फोटू," त्या म्हणाल्या.

आता प्रश्न तारखेचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, उपचार लांबवायचे नाहीत, ह्याच आठवड्यात पुन्हा करू. पण आदल्या दिवशी ह्यांना कोण धरून ठेवणार? स्वरूपा म्हणाली, मी दिवसभर समोर बसते. अंबूबाई म्हणाल्या, बस की. त्या 'बस की'चा अर्थ मला माहीत होता. सून अंघोळीला गेली की दहा ठोके. नवा ताणा जोडायचा होता, हाताला खाज सुटलेली.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं गेलो आणि बोट ठेवलं. "डॉक्टर, शुक्रवारी सकाळी होईल का?"

"शुक्रवारच का?"

"गुरुवारी अमावास्या आहे."

डॉक्टरबाईंना वाटलं म्हातारा शुभ-अशुभ काढतोय. त्यांचा चेहरा जरा आंबट झाला. मग स्वरूपा हसायला लागली, आणि हसता हसता तिनंच सांगितलं. आमच्या विणकरांत अमावास्येला माग चालत नाही. त्या दिवशी मागाला हळद-कुंकू, फूल, नैवेद्य. धोट्याला हात लावायचा नाही. ही सुट्टी माणसाची नाही, मागाची. अंबूबाईंनी ऐन लग्नसराईत, दारात गिऱ्हाईक बसवून ठेवलं असेल, पण अमावास्या कधी मोडली नाही. यल्लाप्पा आजारी होता तेव्हासुद्धा.

"डॉक्टरनं सांगितलेलं ह्या ऐकणार नाहीत," मी म्हणालो. "मागानं सांगितलेलं ऐकतील."

"तुमास्नी बरं सगळ्यांची कुलपं ठावं," अंबूबाई म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत. त्यांना म्हणताच येत नव्हतं.

तो गुरुवार म्हणजे आमच्या गल्लीतला सण होता. सकाळी माग पुसला, फुलं वाहिली, निरांजन लावलं. आठ वाजता अंबूबाई मोकळ्या झाल्या आणि साडेआठला मला रहाटाचा आवाज ऐकू आला. पळत गेलो तर बाई धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायला बसलेली.

"वैनी, हे काय?"

"कांडी म्हंजे माग न्हवं. अमावास्या मागाला असती, रहाटाला कुठं असती?"

"यल्लाप्पा भरायचा का अमावास्येला कांड्या?"

"त्यो आळशी होता."

मी रहाटाची मूठ काढून खिशात घातली. त्यांनी मग ओट्यावरचा पाटा-वरवंटा धुवायला काढला, तो स्वरूपानं हातातून घेतला. मग माळ्यावरचे डबे. मग झाडांना पाणी. जयाबाई येऊन त्यांच्या शेजारी बसल्या, फक्त धरून ठेवायला. दुपारपर्यंत गल्लीतल्या सहा बायका पाळीपाळीनं पहाऱ्यावर होत्या आणि सगळ्यांना इतकी मजा येत होती की यंत्रमाग बंद ठेवून लोक बघायला येत होते. असंही अमावास्येला त्यांचेही माग बंदच होते, पण ते सोडा.

नैवेद्याला पुरणपोळी होती. अंबूबाईंना ती चालणार नव्हती. त्यांच्या ताटात पालक आणि पनीर. त्यांनी पनीर बोटानं दाबून पाहिलं. "साबण हाय का भाजी?" त्यांच्या वाटणीच्या दोन पोळ्या मी खाल्ल्या, आणि त्या प्रत्येक घासाकडं बघत होत्या. "खावा, खावा. तुमची तपासणी लागली की मी येती सोबतीला."

संध्याकाळी सगळ्या बायका गेल्यावर त्या पायरीवर बसल्या होत्या. हात मांडीवर ठेवलेले, कधी नव्हे ते मोकळे. म्हणाल्या, "भावजी, ती गाठ पेटली तर?"

मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"पेटली तर चौकट वर नेतील," मी म्हणालो.

"आणि त्याच्याबी वर गेली असली तर?"

त्यांनी माझ्या खिशाकडं हात केला. "रहाटाची मूठ द्या. उद्या पायजे मला, आल्यावर."

मी दिली. मला त्या 'आल्यावर'चा फार आधार वाटला.

शुक्रवारी ह्या वेळी नर्सनं त्यांच्या खोलीतला दिवाच मंद केला आणि ओठावर बोट ठेवून बाहेर आली. तासभर मी काचेतून बघितलं. अंबूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. बोटंसुद्धा हलली नाहीत. अशा पडल्या की मला तेही आवडेना.

दुपारी पुन्हा तीच खोली, तोच पडदा. स्वरूपानं पुन्हा माझा शर्ट धरला. कुमारही आला होता, कामाचे तेलकट कपडे घालूनच. डॉक्टरबाईंनी चित्र लावलं.

खांदे गेले होते. दंड गेले होते. पोटऱ्या नव्हत्याच. डोक्यात मोठा काळा डाग होता, पण मेंदू नेहमीच साखर खातो, मूत्राशयातून ती बाहेर जाते, ते दोन्ही दिसणारच, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलेलं.

"बघा, डोकं चालतंय माझं," अंबूबाई म्हणाल्या.

खाली, जिथं रोग होता, तिथं कोळशासारखा काळा गोळा. ते अपेक्षितच होतं. डॉक्टरबाई एकेक थर सरकवत वर गेल्या. मणक्याजवळ थांबल्या. मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या.

"ही ती गाठ," त्या म्हणाल्या. "काही नाही. सगळी साखर अंगात असूनही हिनं ओढली नाही. हिच्यात रोगाची खूण नाही. आणि छाती स्वच्छ."

कुमारनं तेलकट हातानं डोळे पुसले आणि कपाळभर काळं केलं. मी त्याला सांगितलं नाही. दिवसभर तसाच फिरला.

"पण हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उत्साहानं जरा चढला. ओटीपोटात, उजव्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका. "हा मागच्या वेळी कळतच नव्हता. साध्या स्कॅनमध्येही गाठ एवढी लहान की आम्ही नॉर्मल म्हटली होती. हा पेटलाय. बरं झालं पुन्हा केलं. चौकट खालीच ठेवते, आणि ह्या दाण्याला रोज थोडा जास्त डोस देते. त्याला सोडायचं नाही."

अंबूबाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा वर केला. त्या ठिपक्याकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं जशी त्या चुकलेल्या धाग्याकडं बघतात.

"गावला बघ," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी डॉक्टरबाईंनी मला आराखडा दाखवला. मी मागितला म्हणून. पडद्यावर पोटाचे थर, आणि प्रत्येक थरावर रंगीत रेघा, मूत्राशयाला वळसा घालून, आतड्याला टाळून, दाण्याभोवती वेगळं कडं. मी चाळीस वर्षं चौकोनी कागद भरले, पण अशी नक्षी काढली नव्हती. एका-एका थरावर त्यांनी हातानं रेघ ओढली होती. मी विचारलं, "चुकलेला ठिपका कसा शोधता?" त्या म्हणाल्या, "मी शोधते, मग दुसरे डॉक्टर शोधतात, मग फिजिक्सवाले शोधतात." मी म्हणालो, आमच्याकडं गिऱ्हाईक शोधायचं.

पंचवीस दिवस झाले. सगळेच काही मजेचे नव्हते. तिसऱ्या आठवड्यात अंबूबाईंना जुलाब लागले, तोंडाची चव गेली, चहा माझ्या हातचा प्यायला लागल्या ह्यावरून काय ते समजा. सलाईनच्या दिवशी त्या भिंतीकडं तोंड करून पडायच्या. आतून किरणं द्यायच्या वेळी तर चार दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत, आणि मी पडवीतल्या बंद मागाकडं बघत बसायचो. पण दर अमावास्येला उठून त्यांनी मागाला फूल वाहिलं. विणत नव्हत्याच, तरी वाहिलं. मी म्हटलं, वैनी, मागाला सुट्टीच आहे की दोन महिने. त्या म्हणाल्या, "ती डॉक्टरची सुट्टी. ही त्याची."

उपचार संपून तीन महिन्यांनी पुन्हा पेट स्कॅन ठरला. रोग विझला की नाही ते बघायला. दवाखान्यातून बाईचा फोन आला तारीख द्यायला. स्वरूपा बोलणार तोच अंबूबाईंनी फोन घेतला.

"तारीख मी सांगती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. न्हाय न्हाय, मंगळवार न्हाय. तुमच्याकडं दिनदर्शिका न्हाय व्हय? बुधवार. डॉक्टरबाईंस्नी सांगा, वडगावच्या अंबूबाईचा बुधवार."

ह्या वेळी पहाऱ्याची गरजच पडली नाही. नवी साडी मागावर होती, हिरवी, लाल काठाची, पण त्या दिवशी धोट्याला हात लावला नाही, रहाटालाही नाही. मला वाटलं बाई सुधारली. मी तसं म्हणालोही.

दुसऱ्या दिवशी तोच पडदा. तेच चौघं. तोच माझा शर्ट, कारण स्वरूपा म्हणाली तोच घाला.

डॉक्टरबाईंनी एकेक थर वर-खाली सरकवून पाहिला. खालचा गोळा मला दिसेना. उजवीकडचा दाणा मला दिसेना. पण मी नक्षीवाला, डॉक्टर नव्हे. मला दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच असतं.

"मेंदू-मूत्राशय सोडलं तर एकाच ठिकाणी पेटलंय," त्या म्हणाल्या.

स्वरूपानं माझा शर्ट इतका ओढला की एक बटण तुटलं. कुमारनं भिंतीला हात लावला. अंबूबाईंनी डोळे मिटले.

"इथं," डॉक्टरबाईंनी गळ्याशी बोट ठेवलं. दोन ठिपके, शेजारी शेजारी. "स्वरयंत्र. बाकी सगळीकडं विझलंय मावशी, खाली काही नाही, तो दाणाही नाही. पण सकाळी ना, सांगा बरं, त्या तासाभरात कुणाशी बोलत होतात?"

अंबूबाईंनी एक डोळा उघडला.

"त्या पोरीचा पाळणा हलायचा हाय," त्या म्हणाल्या. "तिसरा म्हैना लागलाय. मला सांगितल्याशिवाय तिला ऱ्हावंना. मी काय करू?"

नर्स दारात उभी होती, लाल झाली. आणि मी, नागोजी, आख्ख्या दवाखान्यात ही बातमी सगळ्यांत शेवटी ऐकणारा, तुटलेलं बटण शोधायला खाली वाकलो, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि वैनींनी ते पाहिलं असतं तर नळावर सांगितलं असतं.

त्यांनी पाहिलंच. दुसऱ्या दिवशी नळावर मला जयाबाईंनी विचारलं, "नागोजीअण्णा, डोळं आलतं म्हणं?" आणि पडवीतून खट-खट चालूच होतं.